व्यंकटीच्या नावाचं रक्त

१

व्यंकटीनं कागद टेबलावर आपटला, तेव्हा विशाखा सरवदे उभ्याउभ्याच पोहे खात होती.

"मॅडम, मी मरून राहिलो म्हणं! वाचा की. शिक्का तुमच्याच लॅबचा हाय."

लिफ्ट बंद होती. माणूस दोन जिने चढून आला होता आणि एका दमात ओरडत होता. विशाखानं ते आधी टिपलं, मग कागद उचलला.

दोन हजार सोळा सालचा मे महिना होता. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. विशाखा ज्या लॅबची प्रमुख होती, तिथलं मोठं मशीन तीन आठवड्यांपासून चादर पांघरून पडलेलं होतं. त्याला धुण्यापुरतं शुद्ध पाणी आणायचं कुठून? म्हणून हृदयाच्या तपासण्यांचं रक्त बर्फाच्या डब्यातून एसटीनं नांदेडला जायचं आणि रिपोर्ट तिकडून यायचा.

त्यात पंधरा दिवसांपूर्वी चाकूरजवळ पाण्याचा एक टँकर उलटला. चालवता चालवता ड्रायव्हरच्या छातीत कळ आली होती. साहेबलोक हादरले आणि सगळ्या टँकर ड्रायव्हरांची तपासणी करायचा हुकूम निघाला. पंचेचाळीशी ओलांडलेले चौघंच होते. त्या चौघांचं हृदयाचं रक्तही सोमवारी इथंच घेतलं गेलं. त्यातला व्यंकटी एक. आज गुरुवार. काल रिपोर्ट नांदेडहून परस्पर तहसीलला गेला आणि तासाभरात व्यंकटीच्या टँकरची चावी काढून घेण्यात आली.

विशाखानं आकडे पाहिले. ट्रोपोनिन एक्केचाळीस, म्हणजे असायला हवं त्याच्या तिप्पट. हृदयाचा स्नायू दुखावला की त्याचा चुरा रक्तात उतरतो, तो हा. आणि त्याच्या खाली बीएनपी, पाच हजार आठशे. हृदय ताणाखाली आलं की जे द्रव्य सोडतं, ते. सव्वाशेच्या आत असायला हवं, ते पाच हजार आठशे!

हा आकडा असलेला माणूस जिना चढू शकत नाही. चढलाच तर वर येऊन भिंत धरतो. आणि समोर व्यंकटी सत्तेचाळीस वर्षांचा, मांजरपाटाच्या बनियनमधून दंड फुगलेले, अजून ओरडतच होता.

"माजी बायको कालपासून रडून राहिली. गल्लीतले लोक भेटाया यायलेत, जसं काई मी गेलोच. आन् माज्या खेपा कोण करनार? तिकडं शिरूर अनंतपाळच्या वाड्यांवर बाया घागरी मांडून बसल्यात!"

"व्यंकटीभाऊ, बसा. पाय दाखवा."

पावलांवर सूज नव्हती. मानेची शीर फुगलेली नव्हती. विशाखानं छातीला नळी लावली. फुप्फुसं स्वच्छ वाजत होती.

"तुम्हाला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "हा रिपोर्ट खोटा आहे. मी परत रक्त घेते, उद्या नवा कागद तहसीलला देते."

दारात तुळजाबाई उभी होती. लॅबची झाडलोट करणारी, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारी, गर्दी असली की रक्तही घेणारी. चौदा वर्षं इथंच होती. ती हळूच म्हणाली, "मंजी मॅडम, त्या नळीत जे निगालं ते खोटंच न? त्या मानसाला काईच न्हाई न?"

"काही नाही. खोटंच ते."

तुळजाबाईचा चेहरा उजळला. तिनं आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि अख्खी व्यंकटीच्या हातात दिली. त्या दिवसांत लातूरमध्ये कुणी कुणाला अख्खी बाटली देत नव्हतं.

व्यंकटी निवळला, हात पुढं करून बसला. विशाखानं सुई टोचली, नळी भरली आणि नळीवर चिठ्ठी लावतालावता तो रिपोर्ट पुन्हा जवळ ओढला.

रक्त व्यंकटीचं नव्हतं, बरं. पण कुणाचं तरी होतं. मशीननं ते कुठून हवेतून आणलं नव्हतं. ज्याचं होतं तो माणूस या घडीला कुठंतरी हिंडत होता, आणि त्याला ठाऊकही नव्हतं.

२

विशाखाचे वडील शिरूर अनंतपाळला कारकून होते. जन्ममृत्यूच्या नोंदी त्यांच्याकडे. एखाद्या नावात एका मात्रेची चूक झाली तरी संध्याकाळी सायकल काढून त्या घरी जायचे, विचारून यायचे, मगच जेवायचे. लेकीला त्यांचं नाक मिळालं नव्हतं, उंची मिळाली नव्हती; ही खोड तेवढी पुरेपूर मिळाली होती.

तिनं सरळ विचार केला. चार ड्रायव्हर, चार नळ्या. व्यंकटीच्या चिठ्ठीखाली उरलेल्या तिघांपैकी कुणाचं तरी रक्त गेलं असणार, आणि त्याच्या चिठ्ठीखाली व्यंकटीचं. म्हणजे त्या तिघांतला एक जण फुटत आलेलं हृदय घेऊन दहा हजार लिटर पाणी ओढतो आहे.

दुपारच्या उन्हात ती टँकर भरायच्या जागेवर गेली आणि रांगेत उभ्या असलेल्या टँकरांच्या केबिनमध्ये चढून तिघांचं रक्त घेतलं. शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं चारही नळ्यांचा डबा मांडीवर घेऊन ती स्वतः नांदेडला निघाली. सोबत शरणप्पाला घेतलं. डबे ने-आण करणं हे त्याचंच काम होतं, आणि सोमवारचा डबाही त्यानंच नेला होता.

"शरणप्पा, सोमवारी डबा नांदेडला दोन तास उशिरा पोचला."

"गाडी लेट होती की."

"गाडी वेळेवर होती. मी आगारात विचारलं."

शरणप्पा खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. ढेकळं, वाळलेल्या बाभळी, रिकामे हौद.

"चाकूरला उतरलो होतो," तो शेवटी म्हणाला. "पुडच्या गाडीनं गेलो."

"कशाला?"

"माजी बहीन दिली हाय चाकूरला. तिच्या बोअरला अजून पानी हाय. दोन कॅन भरून घेतले, परतीच्या गाडीत टाकायला ठिवले. चोरी न्हाई केली मॅडम. घरात चार दिस कुनी आंगोळ केली नव्हती."

"आणि डबा?"

"डबा मांडीवरून हालला न्हाई. बहिनीनं च्या दिला तोबी डबा मांडीवर घेऊनच पिलो. वरची चिकटपट्टी तशीच होती, नांदेडच्या बाईला विचारा. तिनंच फाडली."

विशाखानं त्याच्याकडे नीट पाहिलं. माणूस पाण्याची लाज वाटून कान लाल करून बसला होता. रक्त बदललं असतं तर त्यानं पाण्याचं इतक्या सहज कबूल केलं नसतं, आणि चिकटपट्टीचं तर सांगितलंच नसतं.

३

नांदेडची सौदामिनी जोशी ही विशाखाची वर्गमैत्रीण. तिथल्या लॅबची पॅथॉलॉजिस्ट. चिडकी, हुशार, आणि स्वतःच्या मशीनवर कुणी शंका घेतलेली न खपणारी.

"पट्टी अखंड होती, मी स्वतः फाडली," ती म्हणाली. "आणि माझं मशीन खोटं बोलत नाही."

"मशीन खरंच बोललंय, सौदामिनी. प्रश्न तोच आहे. लाव या चार नळ्या."

अर्ध्या तासानं चार आकडे आले. व्यंकटी स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसराही. चौथाही. चौघांची हृदयं नव्या घागरीसारखी खणखणीत.

सौदामिनीनं चारही आकडे पुन्हा एकदा नावांशी ताडून पाहिले.

"चार दिवसांत उतरलं असेल का?" सौदामिनीनं विचारलं, पण तिचा तिलाच विश्वास नव्हता.

"झटका असता तर ट्रोपोनिन शेकड्यांनी, हजारांनी उसळून उतरलं असतं. हे एक्केचाळीस आहे. थोडंसंच. आणि बीएनपी मात्र आभाळाला. हा झटका नाही. हे हृदय हळूहळू थकत चाललंय, रोज थोडं झिजतंय. असलं दुखणं चार दिवसांत पुसलं जात नाही."

"मग यादीतल्या कुणाचंच रक्त नाही ते."

"सोमवारची नळी आहे?"

होती. सौदामिनी आठवडाभर नळ्या टाकत नसे. तिनं फ्रीजमधून ती काढली. व्यंकटीच्या नावाची चिठ्ठी, पिवळं बूच, तळाशी गोठलेलं रक्त, वर गवती चहासारखं पिवळं पाणी. विशाखानं ती उजेडात धरली आणि चिठ्ठीच्या कडेनं डोकावणारी बारीक छपाई वाचली.

"या नळीची मुदत मार्चमध्ये संपलीय. सोमवारी आम्ही नवं खोकं फोडलं होतं. ही आमच्या टाकाऊ नळ्यांतली आहे."

"म्हणजे लातुरातच बदलली. डब्याला पट्टी लागायच्या आधी."

"या नळीवर आणखी काय काय तपासलं होतंस?"

"किडनीचं. क्रिएटिनिन." सौदामिनीनं पडद्यावर काढलं. "शून्य पॉइंट पाच. नॉर्मल आहे."

विशाखानं व्यंकटीचं आजचं क्रिएटिनिन पाहिलं. एक पॉइंट एक. बाकी तिघं एकच्या आसपास. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. जितका अंगात दम, तितका आकडा मोठा. रोज पाइप ओढणाऱ्या गड्याचा अर्धा आकडा कसा येईल?

"हे कुणीतरी लहानखुरं आहे," ती पुटपुटली. "अंगानं बारीक. पोर असेल, नाहीतर..."

ती थांबली. सौदामिनीनंही मान वर केली.

"नाहीतर बाई," सौदामिनी म्हणाली.

तरण्या बाईचं हृदय असं कशानं थकतं? कारणं बरीच असतात. पण एक कारण असं, की जे रक्तालाच विचारता येतं. नळीत पाव चमचा पाणी उरलं होतं. सौदामिनीनं न बोलता ते मशीनमध्ये सरकवलं आणि प्रोलॅक्टिनवर बोट ठेवलं. दूध आणणारं द्रव्य.

वीस मिनिटं दोघींपैकी कुणी खुर्चीत बसलं नाही.

आकडा आला आणि सौदामिनीनं हलकेच "अगं बाई" म्हटलं. नेहमीच्या दहापट.

व्यंकटीच्या नावाच्या नळीतलं रक्त एका बाळंतिणीचं होतं. अंगावर पाजणाऱ्या. बाळंतपणात कधीकधी एखादीचं हृदय ताणून ढिलं पडतं. दम लागतो, पाय सुजतात, आडवं पडलं की घुसमटतं. घरचे म्हणतात, बाळंतपणाचा अशक्तपणा आहे, जाईल. योग्य वेळी गोळ्या मिळाल्या तर पुष्कळजणी सावरतात. नाही मिळाल्या तर...

"किती वाजले?" विशाखानं विचारलं.

"साडेबारा. का?"

ती जिन्यात पोचलीसुद्धा होती.

४

परतीच्या गाडीत ती उभ्यानंच आली. जागा होती, पण बसवेना.

सोमवारी नळ्यांना हात लावणारे तिघं. शरणप्पाच्या हाती डबा आला तो पट्टी लागूनच. उरले दोन. रक्त घेतलं ते महादेवप्पानं, लॅबचा सगळ्यात जुना तंत्रज्ञ. चिठ्ठ्या चिकटवून डबा भरला तो तुळजाबाईनं.

महादेवप्पा मंगळवारपासून रजेवर होता. आणि रजा कशाची? नातवाच्या बारशाची! त्याची सून बाळंत झाली होती, पेढे सगळ्यांनी खाल्ले होते. अंगावर पाजणारी बाई, आणि सासरा रक्त घेणारा. विशाखानं लातूरच्या स्टँडवरून सरळ त्याच्या घरी रिक्षा सांगितली.

दार सुनेनंच उघडलं. एका हातावर बाळ, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेली बादली. बादली तिनं लीलया आत नेऊन ठेवली आणि हसत म्हणाली, "या की ताई. बसा. मामांजी गच्चीवर हायत, टाकी धुवायलेत." आणि धडाधड जिना चढून हाक मारून खालीही आली.

विशाखाच्या मनातला संशय त्या जिन्यावरच गळून पडला. तरी तिनं महादेवप्पाला विचारलं. त्याला ते लागलं.

"मॅडम, तीस वर्सं झाली सुई धरून. कुनाची नळी कुनाला लावायचं पाप म्या करंन? व्यंकटीचं रगत म्या सवता घेतलं, नव्या खोक्यातल्या नळीत. उजव्या हाताचं. त्यो सुई बघून डोळे मिटतो, इतका दांडगा गडी." तो थोडा शांत झाला. "टाकाऊ नळ्या मागच्या खोलीत पोत्यात ऱ्हातात. तिकडं मी फिरकत बी न्हाई."

"मागच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते?"

"तुळजाबाईपशी. अजून कुनापशी?"

विशाखाला एकदम कालची सकाळ आठवली. तुळजाबाईनं विचारलं होतं, "त्या मानसाला काईच न्हाई न?" व्यंकटी समोर बसला होता. व्यंकटीबद्दल विचारायचं तर ती 'ह्याला' म्हणाली असती, 'व्यंकटीला' म्हणाली असती. तिनं विचारलं होतं नळीतल्या माणसाबद्दल.

"अप्पा, तुळजाबाईच्या घरी कोण कोण असतं?"

महादेवप्पानं तिच्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "कामून, तुमाला ठाव न्हाई? तिची लेक आली हाय न बाळंतपनाला. महानंदा. दीड महिना झाला, पोरगी झाली. तुळजाबाईनं कुनाला पेढे न्हाई दिले, मला बी बाजारात गाठ पडली तवा कळलं."

दोन वर्षं विशाखा त्या बाईच्या हातचा चहा पीत होती. घरी कोण असतं, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

५

तुळजाबाईचं घर दाळमिलच्या मागच्या गल्लीत होतं. ती ओट्यावर बसून बाळाचं एक झबलं धूत होती. अर्ध्या तांब्या पाण्यात, जपून.

"महानंदा कुठंय?"

तुळजाबाईच्या हातातलं झबलं तसंच राहिलं. मग तिनं ते पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं. एवढं सगळं झाल्यावर म्हणाली, "गेली की सासरी. काल सांजच्याच गाडीनं. सासू कवापसून निरोप धाडायलती. तिकडं पानी भराया मानूस न्हाई म्हनून."

"पाणी भरायला?"

"तुमीच म्हनलाव मॅडम. खोटं हाय म्हनून. त्या नळीतल्या मानसाला काईच न्हाई म्हनून. म्या तुमाला दोनदा इचारलं."

विशाखा ओट्याच्या कडेला बसली.

"रिपोर्ट व्यंकटीचा म्हणून खोटा होता, तुळजाबाई. रक्त खरं होतं."

तुळजाबाईनं दोरीवरचं झबलं पुन्हा काढून हातात घेतलं. मग आतून फुटल्यासारखी बोलायला लागली. पोरीला रात्री आडवं पडवत नव्हतं. भिंतीला टेकून बसायची. पाय सुजून हे एवढाले. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, बाळंतवात आहे. पण ड्रायव्हरांच्या तपासणीच्या आदल्या दिवशी महादेवप्पा सांगत होता, या रक्तानं हृदयातलं सगळं कळतं. तिनं ऐकलं. सोमवारी पहाटे घरीच पोरीचं रक्त घेतलं, टाकाऊ नळीत. व्यंकटीची नळी काढून फेकली, त्याची चिठ्ठी लेकीच्या नळीवर.

"व्यंकटीचीच का?"

"त्यो घोड्यावानी हाय. त्याला काय व्हनार? म्हनलं, त्याचा कागद चांगलाच येनार हाय, कुनाचं काई बिगडत न्हाई. आपल्याला निस्तं कळंल."

"मला सांगायचं होतंत. मी तपासलं असतं."

"आन् कागदावर नाव आलं असतं!" तुळजाबाई पहिल्यांदाच तिच्यावर ओरडली. "महानंदाचं नाव, वय, गाव. एकदा नाव आलं की सासरी कळतंय. आजारी पोरगी गळ्यात मारली म्हनले असते, आनून टाकली असती दारात, आन् दुसरी केली असती. तुमाला सांगून काय करनार होतो मी? तुमी कागदाच्या मानूस."

विशाखानं सासरचा पत्ता आणि फोन विचारला. सासर शिरूर अनंतपाळच्या पुढच्या वाडीवर होतं. जावई पुण्याला कामावर, सासरचा फोन बंद, वाडीवर दोन दिवस वीज नाही. तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला. शिरूर अनंतपाळची गाडी दुसऱ्या टोकाला गेलेली, तासाभरात येईल.

मग तिनं व्यंकटीला फोन लावला. नवा रिपोर्ट दुपारीच तहसीलला पोचला होता, त्याची चावी परत मिळाली होती.

"व्यंकटीभाऊ, आज तुमची खेप कुठं?"

"शिरूरच्या पुडच्या वाडीवर. भरून तयार हाव. का वो?"

"निघू नका. मी येतेय."

६

केबिनमध्ये तिघं. व्यंकटी, विशाखा, आणि दाराला चिकटून तुळजाबाई. विशाखानं सगळं सांगितलं. व्यंकटीनं ते ऐकतऐकतच टँकर रस्त्याला घातला. तुळजाबाईनं एकदा "दादा, माजं चुकलं" म्हटलं, त्यावर त्यानं नुसता गिअर बदलला.

भरलेला टँकर पळत नाही. विशाखाला वाटत होतं, खाली उतरून धावत सुटावं. मागं पाणी हिंदकळत होतं, चढावर टँकर कण्हत होता. शिरूरच्या चौकात नव्या उदगीर जिल्ह्यासाठी मोर्चा निघालेला. पोरं रस्ता अडवून बसलेली.

व्यंकटीनं काचेतून डोकं बाहेर काढलं. "जिल्हा उद्या करा बे! आदी वाट द्या. मानूस हाय तिकडं."

पोरांनी त्याचा चेहरा पाहिला आणि वाट दिली.

वाडीच्या तोंडाशी हॉर्न वाजला, तशा घागरी घेतलेल्या बाया धावत सुटल्या. नेहमीचाच कालवा. पण विहिरीकडच्या अंगाला, बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत, एक जण धावली नाही. ती दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकून बसली होती. शेजारी दोन भरलेल्या घागरी. विहिरीच्या तळातलं गढूळ पाणी, तिनं ते दोरानं शेंदून आणलं होतं.

तुळजाबाई टँकर थांबायच्या आत उतरली.

महानंदाचे ओठ निळसर पडले होते. बोलताना दोन शब्दांत एकदा श्वास घ्यावा लागत होता. "आई... तू कशी... आलीस?" विशाखानं तिच्या पावलावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडलाच.

"झोपवू नका. बसूनच राहू द्या तिला. टेकवा माझ्या अंगाला."

बायांच्या घोळक्यातून सासू पुढं आली. धुरपताबाई. उंच, काटक, कडेवर दीड महिन्यांची नात. तिनं विहीण पाहिली, अनोळखी बाई पाहिली, आणि तिचा आवाज चढला.

"काय चाललंय हे? कामाला लावलं म्हनून पोरीला न्यायला आलाव का? आमी बी बाळंत झालो, आमी बी पानी भरलं. आन् आजारी होती तर दिली कामून आमाला? आदीचंच दुखनं हाय न हे? आमाला फसिवलं!"

तुळजाबाईनं मान खाली घातली. ज्याला भिऊन तिनं सगळं केलं होतं, ते शब्द न शब्द तसंच समोर आलं होतं, सगळ्या वाडीसमोर.

"मावशी," विशाखा म्हणाली, "मी लातूरच्या लॅबची डॉक्टर. हिचं रक्त मी तपासलंय. हे दुखणं माहेराहून आलेलं नाही. पोर पोटात वाढताना हिचं हृदय ताणलं आणि थकलं. एखादीचं होतं तसं. लग्नाआधी तपासलं असतं तर काही सापडलं नसतं. तुमच्या नातीला जन्म देतानाच झालंय ते. औषध आहे. पण आत्ता, या घडीला निघालो तर."

धुरपताबाईनं सुनेकडे पाहिलं, त्या दोन भरलेल्या घागरींकडे पाहिलं. टँकरच्या नळाचं पाणी कुणाच्या घागरीतून वाहून चाललं होतं, तिकडंही कुणाचं लक्ष नव्हतं.

"मंजी आमच्या लेकरापायीच झालं."

"हो."

"मंग दुखनं बी आमच्याच घरचं म्हनायचं की." तिनं कडेवरची नात सावरली, पदर कमरेला खोचला, आणि व्यंकटीवरच कावली, "उबा का ऱ्हायला? नळ बंद कर आन् गाडी वळीव! पानी उद्या बी भरता येतंय. मी येते संगं, लेकराला दूध लागंल."

अर्ध्या वाटेवर रुग्णवाहिका भेटली. महानंदाला ऑक्सिजन लावून आत घेतलं, विशाखा तिच्या उशाशी आणि सासू नातीला घेऊन पायाशी बसली. तुळजाबाईला जागा उरली नाही. ती टँकरमध्येच राहिली. व्यंकटीनं बऱ्याच वेळानं तिच्याकडे न बघता म्हटलं, "मला इचारलं असतं तर म्या सवता नाव दिलं असतं बाई. एवढं काय त्यात."

तुळजाबाई तेव्हा रडली.

७

महानंदा अकरा दिवस दवाखान्यात होती. आणखी दोन घागरी शेंदल्या असत्या तर ती वाचलीच नसती, असं तिथले डॉक्टर स्पष्ट म्हणाले.

विशाखानं घडलं ते सगळं लिहून दिलं. कुणाचंही काही लपवलं नाही. स्वतःचं 'खोटंच ते' हे वाक्यसुद्धा कागदावर आलं. लॅबच्या मालकानं तिला नोटीस दिली आणि तुळजाबाईला काढून टाकलं. तीन महिन्यांनी व्यंकटी टँकर रस्त्यात उभा करून मालकाकडे गेला. आत काय बोलणं झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण पुढच्या सोमवारी तुळजाबाई पुन्हा झाडलोटीला आली. नळ्यांना मात्र तिनं हात लावायचा नाही, असं ठरलं. तिनं ते मान्य केलं. मनातून नाही केलं, हे तिच्या झाडण्यावरून कळायचं.

ऑक्टोबरात महानंदा तपासणीला आली. सोबत धुरपताबाई, कडेवर गुबगुबीत झालेली नात. जिना त्या हळूहळू चढल्या, मध्ये एकदा थांबल्या. मशीनवरची चादर आता निघाली होती. रक्त तिथंच तपासलं. ट्रोपोनिन जवळपास सरळ झालं होतं. बीएनपी पाच हजार आठशेवरून सहाशे दहावर.

"अजून उतरायचं राहिलंय," विशाखा म्हणाली. "वर्ष लागेल. कदाचित जास्त. गोळ्या एक दिवस चुकवायच्या नाहीत. आणि दुसऱ्या लेकराचा विचार..."

"न्हाई," धुरपताबाई मध्येच म्हणाली. "ते म्या लेकाला सांगितलं. एकच बास."

महानंदा खाली बघून हसली. तुळजाबाई दाराशी झाडू घेऊन उभी होती, आत येऊ की नको अशी. धुरपताबाईनं तिच्याकडे वळून पाहिलं, आणि नात तिच्या हातात दिली.

"धरा वो ईनबाई. मला बी एकदा तपासून घेऊ द्या. जिना चढताना मला बी दम लागायला लागलाय."

विशाखानं नवा फॉर्म पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगा."

धुरपताबाईनं नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, गाव. मोठ्यानं, एकेक अक्षर, बाहेरच्या बाकावरच्या लोकांनाही ऐकू जाईल असं.